कोंबुचा आणि अद्रक सोडा : ५ ते १० लिटरसाठी भांडं कोणतं घ्यावं?

गोदाकाठ_नांदेड
कोंबुचा, म्हणजे गोड चहा आंबवून केलेलं आंबट पेय, सध्या २ लिटरच्या बरणीत चालू आहे. आता एका दमात ५ ते १० लिटर लावायचा विचार आहे, जोडीला अद्रक सोडा, म्हणजे अद्रक आंबवून केलेलं फसफसतं पेय. बाजारात नळाची काचेची बरणी, स्टीलची टाकी, प्लास्टिकचा ड्रम, चिनी मातीची बरणी, एअरलॉकचं झाकण (आतला गॅस बाहेर सोडतं, हवा आत येऊ देत नाही) असं सगळं दिसतंय. यातलं काय घ्यावं आणि काय सोडावं? खोलीवर थेट स्लॅब आहे, मे महिन्यात दुपारी आत ३८ अंश होतात. कूलर आहे, एसी नाही. पाणी बोअरचं.

बरणीबहाद्दर
आधी दोन्ही कामं वेगळी करा. एकाच भांड्यात दोन्ही बसवायला गेलात तर दोन्ही बिघडतील.

कोंबुच्याला हवा लागते. यीस्ट साखर खाऊन थोडा अल्कोहोल बनवतं आणि वर धरणाऱ्या जाड सायीतले (स्कोबी) जिवाणू हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचं आम्ल करतात. त्यावर एअरलॉक लावलात तर जिवाणू उपाशी राहतात. मग आंबटपणा येत नाही, वास मात्र दारूकडं झुकतो. म्हणून कोंबुच्याला रुंद तोंड आणि वर कापड, एवढंच. अद्रक सोड्याचं उलटं आहे, तिथं गॅस बाटलीतच कोंडायचा असतो.

कोंबुच्याच्या भांड्याचा आकार हा पहिला प्रश्न, ते कशाचं आहे हा दुसरा. द्रवाची उंची भांड्याच्या व्यासापेक्षा जास्त नको. २४ सेंमी व्यासाच्या सरळ भांड्यात १० लिटर ओतलं की २२ सेंमी उंची भरते, ते बरोबर. तेच १० लिटर १८ सेंमी व्यासाच्या उभट बरणीत ३९ सेंमी उंच जातं. तिथं आंबायला जास्त दिवस लागतात आणि तळ गोड राहतो. ५ लिटरसाठी २० सेंमी व्यास भरपूर झाला. वर पाचवा हिस्सा रिकामा ठेवा, म्हणजे ५ लिटरला ६ ते साडेसहाची बरणी, १० ला १२ ची. वर जाताना निमुळत्या होणाऱ्या बरण्या दिसायला छान असतात, पण तोंडाशी पृष्ठभाग निम्मा होतो. घेऊच नका.

झाकणाला मांजरपाट किंवा जुनं धोतर, दुहेरी. मलमल विरळ असते, चिलटं आत शिरून अंडी घालतात. रबरबँड उन्हाळ्यात वाळून तुटतो, नाडीनं आवळा.

केजची_काकू
चिनी मातीच्या बरणीत लोणचं वर्षभर टिकतं, आंबट कैरीनं तिला काही होत नाही. मग कोंबुच्याला का नको? घरोघरी १० लिटरची बरणी पडून असते.

लातूर_लेथ
काकू, लोणच्यात वर तेलाचा थर असतो, मीठ असतं आणि ओल कमी असते. कोंबुचा म्हणजे पाणीच, पीएच (आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) ३ च्या आसपास, आणि तो आतल्या चकचकीत लेपाला दिवसरात्र चिकटून बसतो. लेप धड असेल तर अडचण नाही. पण जुन्या बरण्यांच्या लेपात शिसं आहे का, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. आतून टॉर्च फिरवून बघा. केसासारख्या बारीक रेषा दिसल्या, टवका उडालेला असला किंवा जीभ लावल्यावर लेप खरखरीत लागला, तर ती लोणच्यालाच राहू द्या. रंगीत नक्षी आतल्या बाजूला असेल तर कोंबुच्याला अजिबात नको.

तांबं-पितळ विषयच नाही, आम्लात तांबं उतरतं. कल्हईची घागरही नको, कल्हई कुठं घासली गेली हे कळत नाही. ॲल्युमिनियमला खड्डे पडतात.

आता स्टील. त्यात ३०४ (चांगलं) आणि २०२ (स्वस्त) असे प्रकार असतात. दुकानदार चुंबक लावून दाखवतो आणि "चिकटत नाही, म्हणजे ३०४" असं सांगतो. त्यावर जाऊ नका. चुंबक ३०४ ला चिकटत नाही तसा २०२ लाही चिकटत नाही. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, घरातली बरीच स्वस्त भांडी त्याचीच. आम्लात, त्यातही पाण्यात क्लोराइड असेल तर, वेल्डिंगच्या जोडाशी तांबूस ठिपके धरतात. मँगनीज तपासायचं थेंबाचं किट मिळतं: एक थेंब टाकायचा, छोट्या सेलचा करंट द्यायचा, २०२ असेल तर लाल रंग चढतो. टाकी विकत घेताना एवढं करा. ३०४ असेल तर १० लिटरसाठी स्टीलसारखं दुसरं नाही: फुटत नाही, उकळतं पाणी थेट ओतता येतं, प्रकाश आत जात नाही. तोटा एवढाच की साय कशी धरली ते बाहेरून दिसत नाही. पहिल्या दोन-तीन खेपांपर्यंत काच बरी.

औसा_रोड
२० लिटरचा पाण्याचा जार फुकटात मिळतो. तो चालेल का?

बरणीबहाद्दर
नाही. त्याचं तोंड जेमतेम ५ सेंमीचं. हवा पुरत नाही, साय धरली की बाहेर निघत नाही आणि आत हात जात नसल्यानं घासताही येत नाही.

प्लास्टिक घ्यायचंच तर बुडाशी त्रिकोणात २ किंवा ५ आकडा आणि अन्नासाठीचं चिन्ह, म्हणजे काटा-पेला, बघून घ्या. रंगाची रिकामी बादली कितीही धुतली तरी नको. प्लास्टिकला आतून तारेची घासणी लावायची नाही. एकदा ओरखडे पडले की त्यातली घाण निघत नाही आणि दर खेपेला तीच बुरशी परत येते. मऊ फडकं आणि धुण्याचा सोडा, म्हणजे वॉशिंग सोडा, लिटरला एक चमचा.

गोदाकाठ_नांदेड
म्हणजे काच. मग नळ असलेली घेऊ का बिननळाची?

लातूर_लेथ
नळाची सोय मोठी आहे. १० लिटरची भरलेली काचेची बरणी १४-१५ किलोची होते, ती तिरपी करून ओतणं धोक्याचं. पण बाजारातल्या शोभेच्या बरण्यांना बहुतेक वेळा मुलामा दिलेला पितळी नळ असतो. आम्लानं मुलामा उडतो, खालचं पितळ उघडं पडतं. नळ काढून ३०४ चा किंवा अन्नासाठीच्या प्लास्टिकचा बसवा.

बिननळाच्या बरणीला भोक पाडायचं असेल तर काच टफन (तापवून कडक) केलेली नाही ना, हे आधी विचारा. तसली काच ड्रिल लागताच भुगा होते. साधी काच असेल तर डायमंड कोअर बिट लागतो, नळाच्या आट्यांपेक्षा १ मिमी मोठा. नळ हातात घेऊन व्हर्नियरनं मोजा, अंदाजानं बिट आणू नका. बरणी आडवी करून गादीवर ठेवा. भोकाच्या जागी कणकेचं गोल आळं करा आणि त्यात पाणी भरा. ड्रिल सगळ्यात कमी वेगावर, सुरुवात ४५ अंश तिरपी. काचेवर चंद्रकोर उमटली की हळूहळू ड्रिल सरळ करा. दाब नको, बिटला त्याचं काम करू द्या. आळ्यातलं पाणी दुधासारखं पांढरं होईल, ते टिपून नवं घाला. शेवटच्या मिलिमीटरला हात आणखी हलका, कारण टवका तिथंच उडतो. आतून आधी चिकटपट्टी लावली असेल तर सुटलेली चकती बरणीत पडून काच तडकत नाही. चष्मा घाला, काचेची पूड ओलीच पुसा.

भोकाची उंची तळापासून अडीच-तीन सेंमी. खाली यीस्टचा गाळ बसतो, नळ अगदी बुडाशी असला तर दर पेल्यात गाळ येतो.

नळ बसवायचा क्रम असा: नळाची चकती, सिलिकॉन वॉशर, काच, सिलिकॉन वॉशर, नट. बरणी गोल असल्यामुळे कडक वॉशर दोन बाजूंनी टेकतो आणि मधून पाझरतो, म्हणून ३ मिमीचा मऊ घ्या. नट हातानं आवळून वर पाव फेरा. पाना लावलात की काच गेली. साधं पाणी भरून बरणी कागदावर २४ तास ठेवा, नळाखाली ओल दिसली नाही तरच चहा.

सेलू_सायकल
नळाच्या आत साय वाढून तो तुंबतो, ते कुणी सांगितलं नाही. दर खेपेला नळ सोडवून धुवायचा. नुसतं पाणी सोडून भागत नाही. आणि गरम काचेवर गार किंवा गार काचेवर उकळतं पाणी कधीही नको. आधी कोमट, मग गरम.

केजची_काकू
१० लिटर चहा उकळायला तेवढं मोठं पातेलंही घ्यावं लागेल का?

बरणीबहाद्दर
नाही काकू. २ लिटर पाणी उकळा, गॅस बंद करून ६० ग्रॅम चहा १० मिनिटं मुरवा. आपली नेहमीची भुकटी असेल तर ४५ ग्रॅम पुरे, ती कडक उतरते. मसाला किंवा वेलचीचा चहा नको, त्यातली तेलं सायीला सोसत नाहीत. गाळून ६५० ग्रॅम साखर विरघळवा. मग उकळून गार केलेलं साडेसहा लिटर पाणी घाला. तापमान ३० च्या खाली आलं की दीड लिटर जुना आंबट कोंबुचा आणि साय. एकूण १० लिटर. ३ लिटरचं पातेलं पुरतं.

दीड लिटरमध्ये काटकसर करू नका. सुरुवातीलाच पीएच ४.५ च्या खाली गेला तर बुरशीला संधी मिळत नाही. २ लिटरच्या बरणीतून थेट १० वर उडी मारली तर एवढं विरजण कुठून येणार? आधी ५ लिटर लावा, त्यातून दीड लिटर राखून पुढची खेप १० ची.

परभणी_पारा
मूळ प्रश्नात सगळ्यात महत्त्वाचा आकडा ३८ आहे आणि त्यावर अजून कुणीच बोललेलं नाही. भांडं काचेचं घेतलं काय नि स्टीलचं घेतलं काय, आत ३८ असेल तर कोंबुचा बिघडणारच. २४ ते २९ चांगलं. ३२ च्या वर यीस्ट पुढं पळतं, जिवाणू मागं राहतात, फेस आणि यीस्टचा वास वाढतो, साय पातळ धरते. ४० ला दोन्ही माना टाकतात. म्हणून भांड्यासाठी काढलेल्या पैशातले निम्मे गारव्यासाठी ठेवा.

एप्रिल-मेची आपली हवा कोरडी असते, त्याचा फायदा घ्या. ४१ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्याचं तापमान २३ च्या आसपास उतरू शकतं. माठाचं तत्त्व तेच.

मोठ्या परातीत ३-४ सेंमी पाणी, त्यात बरणी. बरणीभोवती गोणपाट किंवा जुना टॉवेल गुंडाळायचा, खालची कड पाण्यात बुडलेली. पाणी आपोआप वर चढतं. बाजूनं टेबल फॅन मंद. ३८ च्या खोलीत बरणी २७-२८ ला येते. दोन गोष्टी बिघडतात. एक, गोणपाट तोंडाच्या मांजरपाटाला टेकला की ते कापडही ओलं होतं, हवा बंद आणि वर बुरशी. मध्ये ५ सेंमी कोरडी काच सोडा. दोन, बोअरच्या पाण्यानं गोणपाटावर आठवड्यात पांढरी खपली धरते, कापड पापडासारखं कडक होतं आणि पाणी चढायचं थांबतं. तुमचा गारवा गेला हे बाहेरून कळतसुद्धा नाही, कारण खालून परात भरलेली दिसते. मधल्या उंचीला बोट लावून बघा, कोरडं लागलं की लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवून धुवा.

कूलर चालू असेल तर गोणपाटाचं काम कूलरच करतो, बरणी त्याच्या झोताच्या कडेला ठेवा, थेट समोर नको. कूलरच्या टाकीतलं शेवाळ झोताबरोबर उडतं.

पावसाळ्यात हे सगळं काढून ठेवा. हवा दमट, बाष्पीभवन नाही, ओल्या गोणपाटावर फक्त बुरशी वाढते.

औसा_रोड
आणि लाईट गेली तर?

परभणी_पारा
गोणपाट पंख्याविना चालतो, फक्त मंद. जास्तीची सोय म्हणून मासळीचा थर्माकोलचा खोका, त्यात बरणी, कडेला १ लिटरची गोठवलेली पाण्याची बाटली, सकाळ-संध्याकाळ बदलायची. १ किलो बर्फ वितळताना १० लिटर पाणी ८ अंशांनी उतरवण्याइतकी उष्णता घेतो. गळती धरून निम्मं समजा. खोक्याचं झाकण एका कडेनं उघडं राहू द्या, नाहीतर हवा कोंडते.

जुना फ्रिज आणि तापमान बघून तो चालू-बंद करणारा एसटीसी-१००० कंट्रोलर ही पक्की व्यवस्था. त्याच्या सेटिंगमध्ये एफ१ म्हणजे हवं ते तापमान, ते २६, एफ२ म्हणजे किती फरक पडला की फ्रिज सुरू व्हावा, तो १ अंश, एफ३ म्हणजे कॉम्प्रेसर परत सुरू व्हायचा उशीर, तो ५ मिनिटं. सेन्सर हवेत लोंबकळत ठेवलात तर दार उघडलं की फ्रिज सुरू होतो. बरणीच्या अंगाला चिकटपट्टीनं लावून वर फोमचा तुकडा ठेवा. वायरिंग येत नसेल तर वायरमनकडून करून घ्या, आत २३० व्होल्ट खेळतात. दिवसातून एकदा दार उघडा, ताजी हवा जाऊ द्या.

हिवाळ्यात उलटी पंचाईत. परभणीत डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० च्या खाली जातो. त्याच खोक्यात १५ वॅटचा जुना पिवळा बल्ब, बरणीपासून वीतभर लांब. एलईडी नको, त्याची ऊब लागत नाही.

सेलू_सायकल
पाण्याचं सांगतो. बोअरचं पाणी जड असतं, त्यातला बायकार्बोनेट आम्ल खाऊन टाकतो. मग पीएच उतरायला उशीर लागतो आणि तेवढ्यात बुरशी गाठते. आरओचं वापरा, खनिजं चहातून मिळतात. आरओ नसेल तर १५ मिनिटं उकळून रात्रभर ठेवा, तळाला पांढरं बसतं, वरचं निवळ घ्या. नळाच्या पाण्यातलं क्लोरीनही उकळल्यावर जातं.

गोदाकाठ_नांदेड
मोजायला काय घेऊ? हायड्रोमीटर (घनता मोजायची तरंगती नळी), रिफ्रॅक्टोमीटर (थेंबावरून साखर मोजणारा), पीएच मीटर, सगळंच सांगतात.

बरणीबहाद्दर
कोंबुच्याला थर्मामीटर आणि पीएच, बस. पेनसारखा मीटर घेतलात तर सोबतच्या ४.०१ आणि ६.८६ च्या पुड्यांनी महिन्यातून एकदा जुळवून घ्या. पट्ट्या घेतल्या तर बारीक टप्प्याच्या घ्या, १ ते १४ वाल्या पट्टीवर ३ आणि ४ यांतला फरक कळत नाही. पहिल्या आठवड्यात ४.२ च्या खाली यायला हवा, नाही आला तर ती खेप फेका. ३ च्या आसपास चव जमते. २.५ च्या खाली गेलेला पिऊ नका, विरजणाला ठेवा. मे महिन्यात पाचव्या दिवसापासून चाखायला लागा, जानेवारीत १२-१४ दिवस लागतात.

बुरशी कोरडी आणि केसाळ असते, हिरवी-निळी-काळी, कायम वरच्या बाजूला. दिसली की सायीसकट सगळं फेका, वरवर काढून चालत नाही. तपकिरी धागे लोंबतात ते यीस्ट, त्याला घाबरू नका.

रिफ्रॅक्टोमीटर द्राक्ष-मोसंबीच्या बागेत ठीक. आंबायला लागल्यावर अल्कोहोलमुळे तो चुकीचं दाखवतो.

लातूर_लेथ
हायड्रोमीटर अद्रक सोड्याला लागतो आणि तिथं एक गंमत आहे. साखर आंबून घनता ४ अंकांनी उतरली, म्हणजे १.०३० ची १.०२६ झाली, की साधारण अर्धा टक्का अल्कोहोल. आता बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांवर जुळवलेले असतात. ३५ अंशांच्या पाण्यात ते नेमके ४ अंक कमी दाखवतात. म्हणजे काहीच आंबलेलं नसताना अर्धा टक्का झाला असं वाटेल. नमुना गार करून, फेस ढवळून घालवूनच बुडवा, बुडबुडे हायड्रोमीटरला वर ढकलतात. कोंबुच्याला हे गणित लावू नका, तिथं अल्कोहोलचं पुढं आम्ल होतं.

अर्ध्या टक्क्याचं महत्त्व असं: एफएसएसएआय, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमात त्याच्या वरचं पेय मद्यात मोडतं, आणि महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार विनापरवाना मद्य बनवणं गुन्हा आहे. धागा सोड्याचा आहे, सोड्याचाच राहू द्या.

केजची_काकू
मग अद्रक सोड्याला एअरलॉकचं भांडं घ्यायचं की नाही?

बरणीबहाद्दर
नाही, काकू. एअरलॉक लावून आठवडाभर ठेवलं तर लातूर_लेथ म्हणतात तेच होईल. सोड्याला मोठं आंबवायचं भांडंच लागत नाही. विरजणाला अर्ध्या-पाऊण लिटरची बरणी: ४०० मिली पाणी, २ चमचे सालासकट किसलेली अद्रक, २ चमचे साखर, मग रोज एकेक चमचा दोन्ही. उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी फसफसतं. कन्नड-खुलताबादकडची ताजी अद्रक मिळाली तर उत्तम, फार धुवू नका, यीस्ट सालीवरच असतं. पुढं ५ लिटर गार अद्रक-गुळाच्या पाण्यात हे सगळं विरजण गाळून घाला आणि लगेच बाटल्या भरा.

बाटली कोल्ड्रिंकची, पेट प्लास्टिकची. कारण सांगतो. ४ ग्रॅम साखर आंबली की साधारण १ लिटर गॅस होतो. लिटरला ८० ग्रॅम गोडी असेल तर पूर्ण आंबल्यावर २० लिटर. कोल्ड्रिंकच्या बाटलीत साधारण ४ लिटर असतो. काचेची चौकोनी बाटली, तेलाची बाटली, जॅमची बरणी यांतलं काहीही बॉम्ब होतं. पेटची बाटली निदान बोटांना सांगते. भरताना अंगठ्यानं दाबा, मऊ लागेल. वर ३-४ सेंमी जागा सोडा. ३२ अंशांत १२ तासांनी दाबा, मग दर ४ तासांनी. न उघडलेल्या कोल्ड्रिंकच्या बाटलीइतकी कडक लागली की तडक फ्रिजमध्ये आणि चार दिवसांत संपवायची. फ्रिजमध्ये आंबणं मंदावतं, थांबत नाही.

औसा_रोड
गोटी सोड्याच्या बाटल्या मिळतात की, त्या तर दाबासाठीच असतात.

सेलू_सायकल
त्या मशीनवर उलट्या धरून दाबानं भरतात, आतला गॅस गोटीला गळ्यातल्या रबरावर दाबून धरतो. घरी भरताना दाबच नसतो, गोटी खाली पडलेली आणि तोंड उघडं. गॅस धरायच्या आतच निघून जातो. दिसायला मात्र झकास.

जालना_मोसंबी
कोंबुच्यात मोसंबीचा रस घालणार असाल तर बाटलीत नको, पेल्यात घाला. काढून ठेवलेला मोसंबीचा रस काही तासांत कडू होतो, आंबवताना तर जास्तच. केसर आंब्याचा गर बाटलीत चालतो, लिटरला २ चमचे, पण गाळून. धागे राहिले की उघडताना कारंजं उडतं आणि निम्मा कोंबुचा ओट्यावर.

गोदाकाठ_नांदेड
ठरलं असं: ६ लिटरची सरळ काचेची बरणी, बिननळाची. परात, गोणपाट आणि मांजरपाट घरात आहे. पीएच मीटर, वायरवाला थर्मामीटर. सोड्याला पेटच्या बाटल्या. स्टीलची टाकी आणि फ्रिज पुढच्या उन्हाळ्यात. बिननळाच्या बरणीतून काढायचं कसं, तेवढं सांगा.

लातूर_लेथ
सिलिकॉनची नळी, आतून ८ मिमी, दीड मीटर. नळी आधी उकळलेल्या पाण्यानं पूर्ण भरा, दोन्ही टोकं बोटांनी दाबा, एक टोक कोंबुच्यात गाळाच्या दोन बोटं वर, दुसरं खालच्या बाटलीत, मग बोटं सोडा. पहिलं वाटीभर पाणीच येईल, ते वेगळं काढा. तोंडानं ओढू नका. बरणी काढायच्या आदल्या रात्रीच स्टुलावर ठेवा, ऐनवेळी उचललीत तर बसलेला गाळ सगळा वर येतो.